भंगाराला पुण्याईची कल्हई

पितळेचं पातेलं चेपलं, बुडाला भोक पडलं, तरी मराठी घरात ते कचऱ्यात जात नसे. ते माळ्यावर जाई आणि दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या आधी भांड्यांच्या दुकानात तराजूवर चढे. दुकानदार मोडीचा भाव लावी, नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा करी आणि वरचे पैसे मोजून नवं पातेलं घरी येई. या व्यवहारात आपण पर्यावरणाची सेवा करतोय असं कुणी मानत नव्हतं. धातू म्हणजे पैसा, एवढी साधी समज त्यामागे होती. ‘मोडीत काढणं’ या शब्दांत आज जी हेटाळणी ऐकू येते ती त्या तराजूपाशी नव्हती. मोडीला भाव होता. ही आठवण करून द्यायचं कारण असं की जुन्या आणि नव्या धातूच्या पत्र्यांतून, पट्ट्यांतून, यंत्रांच्या सुट्या भागांतून भिंतीवरची अमूर्त शिल्पं घडवणं हा एक गंभीर कलाप्रकार आहे, आणि आपल्याकडे त्याचं स्वागत बहुतेक वेळा एकाच वाक्यानं होतं: टाकाऊतून टिकाऊ. शाळेच्या हस्तकलेच्या तासाला हे वाक्य शोभतं. शिल्पाला लावलं की ते खोटं पडतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते शिल्प बघूच देत नाही.

आधी खोटेपणाचं बघू. लोखंडाचं भंगार आपल्या देशात उकिरड्यावर पडून राहत नाही. गल्लीतला भंगारवाला, त्याचा माल घेणारा गोदामवाला, मुंबईत कुर्ल्याचे आणि दारूखान्याचे व्यापारी अशी साखळी ते उचलते, जातवार वेगळं करते आणि भट्टीपर्यंत पोचवते. जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळून त्याच्या बांधकामाच्या सळ्या होतात आणि त्या राज्यभरच्या इमारतींत जातात. केंद्र सरकारनं 2019 मध्ये पोलाद भंगाराचं धोरण जाहीर केलं, त्यात देशातलं भंगार वर्षाला सुमारे अडीच कोटी टन आणि आयात सुमारे 70 लाख टन धरली आहे. जो देश जहाजं भरभरून भंगार विकत आणतो त्यानं त्याला टाकाऊ म्हणावं ही गंमतच. त्याच वर्षी दिल्लीत सराय काले खाँजवळ जगातल्या सात आश्चर्यांच्या भंगारातल्या प्रतिकृतींचं उद्यान खुलं झालं. त्याला सुमारे 150 टन भंगार लागलं. आकडा मोठा वाटतो खरा, पण देशात वर्षाला 14 कोटी टनांहून जास्त पोलाद तयार होतं. हे अख्खं उद्यान म्हणजे त्यातला दहा लाखांतला एक भाग. आणि हिशेब काटेकोर लावायचाच तर तो उलटाही पडू शकतो. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला, खनिजापासून नवं करायला लागते त्यापेक्षा जवळजवळ 95 टक्के कमी ऊर्जा लागते. म्हणजे भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा भिंतीवर कायमचा ठोकला की तो या फायद्याच्या चक्रातून बाहेर पडतो, आणि त्याच्या जागी कुठंतरी बॉक्साइट खणावं लागतं. या हिशेबानं शिल्पकाराला दोषी धरणं हास्यास्पद होईल, कारण रकमा चिल्लर आहेत. पण मग त्याच चिल्लरीवर त्याला पुण्यवान ठरवणंही तितकंच हास्यास्पद आहे.

आता नजरेचं. शहराशहरांतल्या चौकांत आणि उद्यानांत भंगाराचे घोडे, मोर, सिंह उभे राहिले आहेत. ते बघताना माणूस काय करतो ते आठवा. तो जवळ जातो आणि ओळखत सुटतो: ही सायकलची चेन, हा स्पार्क प्लग, ते पंख म्हणजे स्कूटरचे ब्रेकशू. बरोबरच्या मुलाला दाखवतो, फोटो काढतो, निघतो. कोडं सुटलं की बघणं संपलं. या खेळाला मी कमी लेखत नाही. पिकासोनं 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल एकमेकांना जोडून बैलाचं मुंडकं केलं तेव्हा तोही हाच खेळ खेळला होता. पण त्यानं दोनच वस्तू घेतल्या. त्यामुळे सीट आणि बैल दोन्ही एकाच वेळी दिसत राहतात आणि नजर दोन्हींच्या मध्ये हेलकावे खाते. चार हजार सुटे भाग घोड्याच्या साच्यावर चिकटवले की हेलकावा जातो, उरते ती चिकाटी. अमूर्त शिल्पात तर घोडाही नसतो. ओळखायला काही नाही म्हटल्यावर गोंधळलेला पाहुणा, उद्‌घाटनाला आलेला पुढारी आणि बातमी लिहिणारा वार्ताहर हे तिघेही एकाच फांदीला लटकतात: ‘बघा, हे सगळं भंगारातून केलंय!’ शिल्पात काय घडलंय याबद्दल एक अक्षर न बोलता त्याचं कौतुक करायची ही सोय आहे. भांड्याच्या आतला धातू झाकायला कल्हई करतात, तशी ही पुण्याईची कल्हई.

मग जुन्या धातूचा उपयोग काय? खूप आहे, पण तो डोळ्यांना. अमेरिकी शिल्पकार जॉन चेंबरलेन 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून मोटारींचे पत्रे वापरू लागला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातलं त्याचं ‘एसेक्स’ हे 1960 चं भिंतीवरचं शिल्प सुमारे नऊ फूट उंच आहे आणि भिंतीपासून साडेतीन फूट पुढं येतं. लोकांना त्यात अपघात दिसले, मोटारसंस्कृतीवरची टीका दिसली. चेंबरलेन आयुष्यभर ते वाचन झटकत राहिला. त्याला मोटारीचा पत्रा हवा होता कारण तो मुबलक होता आणि रंगीत होता. यात काहीतरी लपवल्याचा भास होतो, पण कामाच्या बाजूनं विचार केला तर तो सरळ बोलत होता. मोटारीच्या मडगार्डचा पत्रा कारखान्यात प्रचंड दाबाच्या साच्याखाली वळवलेला असतो. त्याला दोन्ही दिशांनी बाक असतो. फॅब्रिकेटरच्या दुकानातल्या साध्या बेंडिंग मशीनवर सपाट पत्रा सरळ रेघेतच दुमडतो. तो दुहेरी बाक काढायचा तर तासन्‌तास हातोडा चालवावा लागेल. त्या बाकदार पत्र्याला चेंगरलं की त्याच्या घड्या कागदासारख्या टोकदार पडत नाहीत, जाड कापडाच्या चुण्यांसारख्या फुगीर पडतात, आणि भट्टीत भाजलेला रंग घडीच्या कडेवर तडकून खालचं लोखंड उघडं पडतं. हे सगळं नव्या पत्र्यावर नक्कल करून आणता येतं, पण ते नकलेसारखं दिसतं. जुन्या धातूत कलाकाराच्या आधी कुणीतरी, बहुधा यंत्रानं, काहीतरी करून ठेवलेलं असतं, आणि कलाकार त्याला उत्तर देतो. जुना धातू घेण्याचं खरं कारण हे आहे. चेंबरलेननं पुढं स्वतः पत्र्यांवर रंग चढवायला सुरुवात केली तेव्हा ती मूळ तत्त्वापासून फारकत नव्हती, कारण मूळ तत्त्व पुनर्वापराचं नव्हतंच.

नव्या धातूची बाजू कुणी घेत नाही, म्हणून ती थोडी सविस्तर मांडतो. अमेरिकी शिल्पकार डोनल्ड जड यानं 1960 च्या दशकात धातूच्या पेट्या एकावर एक अशा भिंतीवर चढवल्या. 1967 च्या एका कामात जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या बारा पेट्या आहेत. प्रत्येक पेटीची उंची सुमारे 23 सेंटिमीटर आणि दोन पेट्यांमधलं अंतरही तेवढंच. पेट्या त्यानं स्वतः केल्या नाहीत, पत्राकाम करणाऱ्या दुकानातून करून घेतल्या. या कामाची सगळी ताकद अंतर आणि पेटी यांच्या बरोबरीत आहे. रिकामी जागाही तेवढीच वजनदार वाटावी यासाठी पत्रा एकसारखा, कडा सरळ, जोड अदृश्य हवेत. चेपलेला, भोकं पडलेला पत्रा इथं चालणारच नाही. तो लगेच आपली कहाणी सांगू लागेल आणि मोजमाप बुडेल. अमेरिकेचाच शिल्पकार डेव्हिड स्मिथ याचं उदाहरण तर दोन्ही बाजूंचं आहे. तरुणपणी मोटारीच्या कारखान्यात आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डिंग केलेला हा माणूस. 1962 मध्ये इटलीत जेनोआजवळच्या वोल्त्री गावातल्या बंद पडलेल्या कारखान्यात त्यानं तिथलीच चाकं, सांडशा, पत्रे वापरून 30 दिवसांत 27 शिल्पं केली. त्याच वर्षांत तो ‘क्युबी’ मालिकाही करत होता: नव्या कोऱ्या स्टेनलेस स्टीलचे चौकोनी ठोकळे, त्यांच्या पृष्ठभागावर ग्राइंडरचे फराटे असे फिरवलेले की उघड्यावर उभं केल्यावर आकाशाचा रंग त्यांवर पसरावा. ही शिल्पं भिंतीवरची नाहीत, मोकळ्या जागेतली आहेत, पण मुद्दा तोच. वोल्त्रीची शिल्पं जुन्या लोखंडाची म्हणून अधिक सोज्वळ आणि क्युबी नव्या स्टीलची म्हणून उधळपट्टीची, असा निवाडा कलेच्या इतिहासात कुणी केलेला नाही. एकाच हातानं दोन प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्नाला जो धातू हवा तो घेतला.

जुना आणि नवा धातू एकाच शिल्पात आणायचा म्हटलं की खरी परीक्षा सुरू होते, आणि ती सगळी हाताची व डोक्याची असते. आठ बाय चारचा, 2 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा सुमारे 47 किलो भरतो. तोच ॲल्युमिनियमचा घेतला तर 16 किलो. म्हणजे कुठला धातू किती वापरायचा हा निर्णय भिंत आधी घेते. साडेचार इंची विटेच्या पडदीवर काय टांगता येईल आणि काँक्रीटच्या भिंतीवर काय, हे शिल्पकाराला चित्र काढण्याआधी ठाऊक असावं लागतं. म्हणून बरेचदा मागचा सांगाडा नव्या अँगलचा किंवा चौकोनी पाइपचा करतात, कारण त्याची जाडी आणि ताकद भरवशाची असते, आणि जुना धातू पुढं येतो. मग जोड. जस्ताच्या मुलाम्याचा जुना पत्रा तसाच वेल्ड केला तर जस्ताचा धूर होतो आणि कारागिराला ताप भरतो; मुलामा आधी घासून काढावा लागतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ॲल्युमिनियम लोखंडाला नेहमीच्या वेल्डिंगनं जोडलं जात नाही, रिव्हेट किंवा बोल्ट मारावे लागतात. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकवून दमट हवेत ठेवलं की लोखंड भराभर गंजतं, कारण ओलाव्यात त्या दोघांची बॅटरी होते. मध्ये रबर किंवा प्लास्टिकची चकती घालावी लागते. आणि गंज म्हणजे सगळीकडे तोच गंज नव्हे. तपकिरी थर धरून पुढचं गंजणं रोखणारं खास पोलाद परदेशातल्या शिल्पांत फार दिसतं, त्याची छायाचित्रं बघून आपल्याकडेही मागणी होते. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत तो थर घट्ट बसत नाही, पापुद्रे सुटत राहतात. पुण्यात जे खपेल ते अलिबागला चालेलच असं नाही. एवढं सगळं निभावल्यावर शिल्पाचा अर्धा भाग अजून बाकीच असतो: सावली. भिंतीला चिकटवलेला पत्रा चित्र होतो. दोन-तीन इंच पुढं आणला की त्याच्या मागं सावलीचं दुसरं शिल्प उभं राहतं, आणि दिवा कुठून येतो यावर ते लांबतं, आखडतं. समोरून पांढरा सपाट उजेड टाकणारी ट्यूबलाइट असल्या शिल्पाची जेवढी हानी करते तेवढी गंजही करत नसेल. टीका करायची, कौतुक करायचं, तर ते या गोष्टींवर व्हायला हवं.

यावर एक वजनदार आक्षेप येईल, आणि तो घानात जन्मलेले शिल्पकार एल अनात्सुई यांचं नाव घेऊन येईल. नायजेरियातल्या न्सुक्का इथल्या विद्यापीठात त्यांनी 1975 पासून अनेक वर्षं शिकवलं. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची टोपणं चेपून, कापून, तांब्याच्या तारेनं एकमेकांना बांधून ते भिंतभर पसरणारी धातूची वस्त्रं करतात. 2015 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. इथं तर टोपण दारूच्या बाटलीचं आहे हे कळणं महत्त्वाचं आहे ना? युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दारू आणली, तिच्या बदल्यात माणसं नेली, तो इतिहास त्या टोपणांना चिकटलेला आहे. मग धातूचं मूळ विसरा असं कसं म्हणता? तसं मी म्हणतच नाही. मूळ दोन प्रकारांनी आठवता येतं. एक स्मृती म्हणून: हा धातू कुठल्या हातांतून, कुठल्या व्यापारातून आला. दुसरं पुण्य म्हणून: तो आता कचऱ्यात गेला नाही, शाबास. अनात्सुईंची टोपणं पहिल्या प्रकारात बसतात. शिवाय त्यांची कामं भिंतीवर टिकतात ती फक्त आशयावर नव्हे. लाल, सोनेरी, काळ्या टोपणांचे पट्टे कुठं दाट कुठं विरळ करायचे, कुठं टोपणाची फक्त गोल कड वापरून जाळी करायची, यांवर ती उभी आहेत. ती ताठ नाहीत. प्रत्येक प्रदर्शनात टांगताना त्यांच्या घड्या बदलतात आणि त्या कशा पाडायच्या हे ते बरेचदा मांडणी करणाऱ्यांवर सोडतात. इतका कठीण धातू आणि इतका सैल स्वभाव, हा विरोध नजरेला पकडतो. इतिहास त्यानंतर आत शिरतो. उलट क्रमानं तो शिरला असता तर ते एक फलक ठरलं असतं.

आपल्याकडे अशा स्मृतीला तोटा नाही. लग्नात आलेल्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. ठोक्याठोक्यानं कोरलेली ती ठिपक्यांची अक्षरं, देणाऱ्याचं नाव, तारीख, कधी गावही. मोडीच्या ढिगात अशी शेकडो नावं वितळायला जातात. एखाद्या शिल्पकारानं ती ताटं-परातींची बुडं घेऊन भिंत केली तर त्या भिंतीला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणणारा माणूस फार कमी बघत असेल. अर्थात नुसती नावं आहेत म्हणून ती भिंत चांगली ठरणार नाही, हेही तितकंच खरं. हुंदका काढणाऱ्या वस्तू जमवणं सोपं असतं. त्यांची लय लावणं अवघड.

दुसरा आक्षेप नेहमीचा: अमूर्त सामान्य माणसाला कळत नाही, म्हणून निदान भंगाराची गोष्ट तरी सांगू द्या. मला या आक्षेपातला ‘सामान्य माणूस’ हा प्राणी संशयास्पद वाटतो. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी घ्या. तांब्याच्या घंगाळावर, हंड्यावर तिथले कारागीर मठारकाम करतात, म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके ओळीनं मारत जातात. ठोक्यांनी तांबं घट्ट होतं, हा व्यवहारातला भाग. पण घंगाळ विकत घेणारी बाई ते उजेडात फिरवून बघते तेव्हा ती घट्टपणा बघत नसते. ठोके समान पडलेत का, ओळ कुठं तुटली का, उजेड एका ठोक्यावरून दुसऱ्यावर कसा उडी मारतो, हे ती बघते. त्या ठोक्यांत ना घोडा आहे ना मोर. अमूर्त धातुकाम पारखायची ही नजर कुठल्याही कलादालनातल्या व्याख्यानाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली आहे. घंगाळ म्हणजे शिल्प नव्हे, उपयोगाची वस्तू आहे, त्यामुळे दोन्हींची बरोबरी करता येत नाही हे मान्य. मात्र ज्याला एक दिसतं त्याला दुसरं दिसणारच नाही, हे गृहीत धरायचं कारण नाही. आणि मुंबईला तर या प्रकाराचा इतिहासही आहे. पिलू पोचखानावाला यांनी यंत्रांचे भाग आणि धातूचे तुकडे वेल्ड करून शिल्पं केली. औषधशास्त्राकडून शिल्पाकडे वळलेले आदि दावियरवाला त्यांचे समकालीन. तिकडे बडोद्यात राघव कनेरिया 1960 च्या दशकात भंगार जोडत होते. या लोकांना कुणी हरित कलाकार म्हटलं नाही. तो शब्दच तेव्हा नव्हता, त्यामुळे त्यांच्या कामाबद्दल लिहिताना वजन, तोल, पोकळी याबद्दलच लिहावं लागे. पोचखानावालांचं एक अमूर्त शिल्प एकेकाळी हाजी अलीच्या चौकात होतं. ते आता तिथं नाही, आणि त्याची चुटपुट लागलेले मुंबईकर थोडेच असतील. सार्वजनिक अमूर्त शिल्प आपल्याकडे रुजलं नाही याचं खापर लोकांच्या नजरेवर फोडण्याआधी ते किती वर्षं लोकांच्या नजरेसमोर राहू दिलं हे विचारायला हवं.

तिसरा आक्षेप बाजाराचा आहे आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. नव्या धातूची बाजू घेतली की दारं उघडतात ती लेझर-कटिंगवाल्यांना. सोनेरी रंगाची पानं, चंद्रामागून डोकावणारं झाड, तीन वर्तुळं एकमेकांत अडकवलेली; सोफ्याच्या वर टांगायला असल्या ‘मेटल वॉल आर्ट’चा ढीग ऑनलाइन पडलेला आहे. निदान भंगारातल्या कामाला हाताचा स्पर्श असतो, असं म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. पण दोष नव्या पत्र्याचा नाही. त्या पानांत पत्रा पुठ्ठ्यासारखा वापरलेला असतो: कापला, रंगवला, संपलं. त्याचं वजन जाणवत नाही, जाडी दिसत नाही, कड कुठंही बोलत नाही. तीच पानं पुठ्ठ्यातून कापली असती तरी चाललं असतं, आणि हीच कसोटी पुरेशी आहे. ती भंगारातल्या घुबडालाही लावून बघा. डोळ्यांच्या जागी बेअरिंग, चोचीच्या जागी पाना; तिथंही धातूला धातू म्हणून काही काम नाही, प्लास्टिकचे सुटे भाग घेतले असते तरी घुबड घुबडच दिसलं असतं. जुन्यानव्याचा भेद या दोघांना वेगळं करत नाही. हाताच्या स्पर्शाबद्दल बोलायचंच तर शिल्पाशेजारच्या पाटीवर फॅब्रिकेटरचं, वेल्डरचं नाव लिहायला काय हरकत आहे? जडनं पेट्या करवून घेतल्या, अनात्सुईंच्या कार्यशाळेत कितीतरी सहायक टोपणं बांधतात. एकट्याच्या हाताची दंतकथा धातुकामात कधीच फारशी खरी नव्हती. ती पाटी भंगाराच्या टनांच्या आकड्यापेक्षा जास्त सांगेल.

शेवटी, निधीचा मुद्दा. ‘कचऱ्यातून कला’ म्हटलं की नगरपालिकांची, कंपन्यांची तिजोरी उघडते, स्वच्छतेच्या स्पर्धेसाठी दाखवायला काहीतरी मिळतं, आणि शिल्पकारांना काम मिळतं. घोषणा मोडून काढली तर हे कामही जाईल, ही भीती निराधार नाही. पण ही घोषणा कामाबरोबर कामाचं रूपही ठरवून टाकते. जे उद्यान कचऱ्याचं यश दाखवायला बांधलं जातं त्यात कचरा ओळखू यायला हवा, म्हणजे सायकलची चेन सायकलची चेनच दिसायला हवी. आणि त्यातून काय केलं तेही लांबून ओळखू यायला हवं, म्हणजे सिंह. अमूर्ताला तिथं जागा राहत नाही, आणि जिथं राहते तिथं त्याला एखादं पर्यावरणपूरक नाव चिकटवावं लागतं. शिल्पकार हे करतात, कारण पोट आहे. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बदलायची गोष्ट मागणी करणाऱ्याच्या हातात आहे. मेट्रोची स्थानकं, रुग्णालयं, न्यायालयं, विद्यापीठांची सभागृहं अशा नव्या इमारतींच्या मोठमोठ्या कोऱ्या भिंती आपल्याकडे भराभर उभ्या राहत आहेत. त्यांवर धातूचं काम करवून घ्यायचं तर जुना धातू टक्क्यांत मागू नये आणि नवा नाकारूही नये. तो निर्णय शिल्पकाराचा. मागावं ते वेगळं. भिंत किती वजन पेलते याचा अभियंत्याचा दाखला, दिवसाच्या तीन वेळांना आणि रात्रीच्या दिव्यात सावली कशी पडेल त्याचा छोटा नमुना, कुठले धातू कशानं जोडलेत याची नोंद. आणि गंज खरवडून, मेणाचा हात फिरवून, सैल झालेले बोल्ट आवळून दरवर्षी मे महिन्यात त्या शिल्पाची निगा कोण राखणार, त्याचे पैसे कुठल्या खात्यातून येणार, ते निविदेच्या पहिल्याच पानावर.